रहस्यकथेतील न दिसणारी माणसे

गेल्या पावसाळ्यात आमच्या लहानशा मराठी वाचकमंडळाची ग्रंथखरेदीची बैठक भरली होती. बंगळुरात मराठी पुस्तक हाती घेऊन, चाळून, मग विकत घेण्याची सोय जवळजवळ नाही. पुस्तके पुण्या-मुंबईहून मागवावी लागतात, टपालखर्च वेगळा पडतो, आणि म्हणून यादीतील प्रत्येक नावावर चर्चा होते. त्या दिवशी एका ज्येष्ठ सभासदांनी पेन्सिल घेतली आणि यादीतील रहस्यकथांच्या सर्व नावांवर शांतपणे काट मारली. कोणी हरकत घेण्यापूर्वीच ते म्हणाले, "गुन्हेगार कोण हे एकदा कळले, की त्या पुस्तकात उरते काय? एकदाच वाचायच्या पुस्तकावर मंडळाने पैसे का घालावेत?"

प्रश्न रागाने विचारलेला नव्हता, आणि त्यामुळेच तो टाळता येण्यासारखा नव्हता. रहस्यकथेचे कैवारी सहसा तिच्या लोकप्रियतेचे आकडे पुढे करतात. पण आकड्यांनी ह्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. उत्तर द्यायचे तर गुन्हेगार ठाऊक असतानाही पुन्हा वाचाव्याशा वाटणाऱ्या काही कथा घेऊन त्या शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या पाहिजेत. येथे आम्ही तेच करणार आहोत. अर्थात तसे करताना कथांची गुपिते फोडावी लागतील. ज्या वाचकांनी ह्या कथा वाचल्या नसतील त्यांनी हा अंक बाजूस ठेवून आधी त्या वाचाव्यात; आमचे लिखाण थांबू शकते.

तुलनेसाठी घेतलेल्या कथांत एक गोष्ट समान आहे. लपवलेली वस्तू किंवा लपलेला माणूस सर्वांच्या डोळ्यांसमोर असतो, आणि तरीही कोणाला दिसत नाही.

ह्या युक्तीचा आद्य प्रयोग एडगर अ‍ॅलन पो ह्यांच्या 1844 सालच्या 'दि पर्लॉइन्ड लेटर' ह्या कथेत आहे. एका मंत्र्याने राजघराण्यातील एक पत्र लांबवले आहे. पोलिसांचा मुख्य अधिकारी त्याच्या घरातील गाद्या, खुर्च्यांचे पाय, फरशीचे सांधे सुया खुपसून आणि भिंगे लावून तपासतो. पत्र सापडत नाही, कारण ते चुलीवरच्या फळीखाली टांगलेल्या साध्या पत्रपेटीत, मळलेल्या व उलटलेल्या रूपात, उघड्यावर पडलेले असते. पोलीस स्वतः जेथे लपवतील तेथे शोधतात. ड्यूपाँ मात्र मंत्री कसा विचार करील ते पाहतो. पोची ही कल्पना अलौकिक आहे, पण कथा पुन्हा वाचताना आम्हांस नेहमी थोडी थंड वाटते. येथे न दिसणारी वस्तू हा एक कागद आहे. कागद दुर्लक्षिला गेला तर कागदाला दुःख होत नाही.

चेस्टरटनने 1911 साली ह्या कागदाच्या जागी माणूस ठेवला. फादर ब्राउनच्या कथांतील 'दि इन्व्हिजिबल मॅन' ही आमच्या मते ह्या सगळ्या प्रकारातील सर्वांत अस्वस्थ करणारी कथा आहे, आणि तिच्याजवळ थोडे रेंगाळले पाहिजे. स्माइथ नावाचा एक बुटका, श्रीमंत गृहस्थ आहे. घरकाम करणाऱ्या यांत्रिक बाहुल्या विकून त्याने पैसा मिळवला आहे. त्याचा जुना प्रतिस्पर्धी त्याला धमक्यांच्या चिठ्ठ्या पाठवतो. चार माणसांना इमारतीवर लक्ष ठेवायला सांगितले जाते: एक कामगार, एक दरवान, एक पोलीस आणि एक भाजलेल्या चेस्टनटच्या बिया विकणारा. खून होतो, प्रेतही नाहीसे होते, आणि चौघेही शपथेवर सांगतात की आत कोणी गेले नाही. बाहेर बर्फात मात्र पावलांचे ठसे उमटलेले असतात. आत गेलेला माणूस टपालवाला होता. सर्वांनी त्याला पाहिले आणि कोणीही त्याला मोजले नाही. स्माइथचे लहानसे प्रेत तो आपल्या टपालाच्या पोत्यात घालून सर्वांच्या देखत घेऊन गेला.

पहिल्या वाचनात वाचक ह्या युक्तीने थक्क होतो. दुसऱ्या वाचनात त्याचे लक्ष दुसरीकडे जाते. चौघेही साक्षीदार खोटे बोलत नसतात. 'कोणी आले होते का?' ह्या प्रश्नातील 'कोणी' ह्या शब्दात टपालवाला येत नाही, असे त्यांच्या मनाने परस्पर ठरवून टाकलेले असते. गंमत अशी, की ह्या चौघांतले निदान तिघे तरी स्वतः त्याच जातीचे, म्हणजे कोणाच्या हिशेबात न येणारे लोक आहेत! दरवानाला तरी येणारे-जाणारे किती लोक पाहतात? चेस्टरटनने ही गोष्ट मुद्दाम साधली की ओघात साधली हे आम्हांला सांगता येणार नाही. पण कथेत ती आहे. मेलेल्या माणसाचा धंदाही विसरता कामा नये. ज्याने नोकरांना घरातून हद्दपार करून त्यांच्या जागी बाहुल्या आणल्या, त्याचा जीव एका नोकरपेशाच्या माणसाने घेतला. एवढे सगळे लेखकाने कोठेही बोलून दाखवलेले नाही.

कथेचा शेवटही असाच आहे. इतर कथांत गुन्हेगाराला बेड्या पडतात. येथे फादर ब्राउन खुन्यासह ताऱ्यांच्या प्रकाशात बर्फाच्या टेकडीवर कित्येक तास फिरत राहतो, आणि त्यांचे काय बोलणे झाले ते लेखक आपल्याला सांगत नाही. ज्याला कोणी मोजत नव्हते त्याच्याशी अखेर एक माणूस बोलतो आहे. तो खुनी झाल्यावर बोलतो आहे, हे मात्र आम्हांला बोचल्यावाचून राहत नाही.

आता बंगालकडे वळू. शरदिंदु बंद्योपाध्याय ह्यांचा व्योमकेश बक्षी मराठी वाचकांस अनोळखी नाही. 1993 साली दूरदर्शनवर बासू चटर्जी ह्यांनी केलेली हिंदी मालिका कित्येकांना आठवत असेल; 2020 च्या टाळेबंदीत ती पुन्हा दाखवली गेली तेव्हा आम्ही ती पाहिली आणि मग कथांकडे गेलो. बंगाली आम्हांस येत नाही. आमचे वाचन अनुवादांवरचे आहे, हे येथे नमूद केले पाहिजे. आणखी एक गोष्ट मराठी माणसांना आवर्जून सांगावीशी वाटते. शरदिंदु 1938 साली बॉम्बे टॉकीजसाठी मुंबईस आले, 1952 साली चित्रपटाचा धंदा सोडून पुण्यास स्थायिक झाले आणि 1970 साली निधन होईपर्यंत त्यांचे वास्तव्य महाराष्ट्रातच होते. शिवकाळावर बेतलेल्या सदाशिव नावाच्या मुलाच्या कथा त्यांनी लिहिल्या त्या ह्या सहवासातून. तेव्हा व्योमकेशाच्या उत्तरकालीन कथांतील कलकत्ता हे पुण्यात बसून आठवलेले कलकत्ता आहे. आपल्या भाषेच्या प्रदेशाबाहेर राहून आपल्या भाषेत लिहिणे म्हणजे काय, हे आमच्यासारख्या बंगळूरकरांना निराळे सांगायला नको.

1932 सालची 'पथेर काँटा' ही व्योमकेशाच्या अगदी आरंभीच्या कथांपैकी एक. कलकत्त्याच्या रस्त्यांवर भरदिवसा सधन माणसे रस्ता ओलांडताना कोसळून मरत आहेत. छातीत ग्रामोफोनची पिन शिरलेली असते. बंदुकीचा आवाज कोणी ऐकलेला नसतो. अखेरीस कळते की मारेकरी सायकलस्वार आहे, आणि पिन सुटते ती सायकलच्या घंटीतून. घंटी वाजते, माणूस वळतो, छाती समोर येते. आवाज ऐकू आला नाही असे म्हणणाऱ्या सर्वांनी तो ऐकलेला असतो. तो घंटीचा होता, एवढेच.

ही कथा चेस्टरटनच्या कथेशेजारी ठेवली, की दोन्ही लेखकांचे साम्य आणि अंतर एकदमच ध्यानात येते. दोन्हीकडे मारेकरी लपत नाही. पण टपालवाला दिसत नाही तो त्याच्या गणवेशामुळे, म्हणजे समाजातील त्याच्या पायरीमुळे. सायकलस्वार दिसत नाही तो गर्दीमुळे. तो विमा कंपनीचा एजंट आहे, पांढरपेशा आहे. रस्त्यावरून उतरून दिवाणखान्यात आला तर त्याला खुर्ची मिळेल. शरदिंदूंनी येथे नव्या शहराचे एक सत्य पकडले आहे. खेड्यात अनोळखी माणूस ठळक दिसतो, शहरात सगळेच अनोळखी असल्याने कोणीच दिसत नाही. घंटी ऐकून आपण बाजूला होतो. ती कोणी वाजवली ते पाहत नाही. आमच्या बंगळुरातील वाहतुकीत रोज दोन तास काढणाऱ्यास हे पटायला वेळ लागू नये. रचनेच्या दृष्टीनेही 'पथेर काँटा' अधिक बांधेसूद आहे. चेस्टरटन शेवटच्या दोन पानांत आपल्याला उपदेशाच्या जवळ नेतो. शरदिंदु तसे करत नाहीत. तरीही पुन्हा वाचताना चेस्टरटनची कथा वाढते, आणि 'पथेर काँटा' आहे तेवढीच राहते, असे आमचे मत आहे. घंटीची युक्ती कळली की कळली. टपालवाल्याची युक्ती कळल्यावर आपला दारावरचा टपालवाला आठवतो.

आता मराठीकडे. बाबुराव अर्नाळकर (1906–1996) ह्यांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. धनंजय, झुंजार, काळापहाड ही नावे एका पिढीला पाठ होती. त्या छोट्या, स्वस्त पुस्तकांनी कित्येक कष्टकऱ्यांना वाचायची सवय लावली, आणि ह्या उपकाराची फेड मराठी टीकेने अद्याप केलेली नाही. पुढे गुरुनाथ नाईक, सुहास शिरवळकर आदींनी ती परंपरा आपापल्या परीने चालवली. कर्नाटकातही ह्याला तंतोतंत जोड आहे. एन. नरसिंहय्य ह्यांची 'पत्तेदार पुरुषोत्तम' ही कादंबरी 1952 सालची. त्यानंतर त्यांनी पाचशेहून अधिक कन्नड पत्तेदारी कादंबऱ्या लिहिल्या. अव्हेन्यू रोडवरच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगांत त्या अवचित हाताला लागतात. अर्नाळकरांसारखेच त्यांनीही सामान्य माणसाला वाचक केले, आणि अर्नाळकरांसारखेच तेही प्रतिष्ठित वाङ्मयाच्या उंबऱ्याबाहेर राहिले.

ह्या दोन भाषांतील नावे मात्र पाहण्यासारखी आहेत. कन्नडमध्ये ह्या प्रकाराचे नाव 'पत्ते' म्हणजे माग ह्यावरून पडले, माग काढणाऱ्याची कथा. व्योमकेशाने स्वतःसाठी 'सत्यान्वेषी' असा शब्द घेतला. गुप्तहेर म्हणवून घेणे त्याला आवडत नसे. आपण मराठीत तिला 'रहस्यकथा' म्हणतो. नाव शोधावरून न देता गुपितावरून दिले. शब्दाने साहित्याचे भवितव्य ठरते असे नाही. पण आमच्या रहस्यकथेत शोधापेक्षा रहस्याचे, आणि रहस्यापेक्षा नायकाचे आकर्षण मोठे राहिले, ही गोष्ट त्या नावाशी विसंगत नाही.

अर्नाळकरांच्या नायकाचे हुकमी अस्त्र म्हणजे वेषांतर. क्षणात तो दुसराच कोणी होऊन शत्रूच्या गोटात शिरतो. वाचताना मोठी मौज येते. लहानपणी आजोळच्या माळ्यावर सापडलेल्या त्या पुस्तकांनी आमच्या कित्येक दुपारी खाल्ल्या आहेत. पण वेषांतर आणि टपालवाल्याची युक्ती ह्या दोन अगदी विरुद्ध गोष्टी आहेत, हे आम्हांस फार उशिरा कळले. वेषांतर करणारा असे धरून चालतो की लोक नीट पाहतात, म्हणून त्यांच्या डोळ्यांना फसवले पाहिजे. टपालवाल्याला दाढी लावावी लागत नाही. लोक पाहतच नाहीत, हे त्याला ठाऊक असते. पहिल्या प्रकारात कौतुक नायकाचे होते, दुसऱ्यात दोष वाचकाकडे येतो. अर्नाळकरांचा नायक नोकराच्या वेषात येतो तेव्हाही तो नोकर नसतो. वेष उतरला की आतून नायकच निघतो. खरा नोकर कथेत दाराआडच उभा असतो. हजार कथांतून त्या दाराआडच्या माणसाभोवती रचलेली एकही कथा आमच्या वाचनात आली नाही. हे विधान आमच्या वाचनापुरतेच आहे, आणि कोणी ते खोटे ठरवले तर आम्हांला आनंदच होईल.

ही तक्रार केवळ तंत्राची नाही. आम्ही ज्या कार्यालयात लिपिक आहोत तेथे काही वर्षांपूर्वी निवृत्तीला आलेल्या एका सहकाऱ्यांची सेवापुस्तिका गहाळ झाली. तिच्यावाचून निवृत्तिवेतनाचे कागद पुढे सरकत नव्हते. कपाटे उपसली, गठ्ठे सोडले, पोच्या पोलिसांप्रमाणे सुया तेवढ्या खुपसायच्या राहिल्या. मग कोणीतरी म्हणाले, फायली इकडून तिकडे नेणारा तो कंत्राटी मुलगा होता ना, त्याला विचारा. त्याला दोनदा बोलावून विचारले गेले. तो दोन्ही वेळा 'मला माहीत नाही, साहेब' एवढेच म्हणाला. महिनाअखेरीस ठेकेदाराने माणसे बदलली आणि तो येईनासा झाला. का, हे कोणी विचारले नाही. पुढे आमच्या मेजावरचा संगणक बदलायला आला. जुना पडदा उचलला तेव्हा त्याची उंची वाढवण्यासाठी खाली ठेवलेल्या तीन जाड पुस्तकांत मधली ती सेवापुस्तिका होती. ती तेथे आम्हीच ठेवली होती. दोन महिने तिची कड रोज आमच्या डोळ्यांसमोर होती. सहकाऱ्यांचे निवृत्तिवेतन सुरू झाले. त्या मुलाला निरोप धाडावा असे कोणी सुचवले नाही, आणि आम्हीही सुचवले नाही. धाडायचा म्हटले असते तरी त्याचे पूर्ण नाव आम्हांला ठाऊक नव्हते. त्याच सुमारास केव्हातरी आम्ही चेस्टरटनची कथा दुसऱ्यांदा वाचली.

येथे शरदिंदूंची 1967 सालची, म्हणजे पुण्याच्या वास्तव्यातील, 'शजारुर काँटा' ही दीर्घकथा पुढे ठेवली पाहिजे. कारण पस्तीस वर्षांनी ते त्याच प्रश्नाकडे दुसऱ्या बाजूने आले, असे आम्हांला वाटते. कलकत्त्यात साळिंदराच्या काट्याने खून होऊ लागतात. प्रथम एक भिकारी, मग एक मजूर, मग एक दुकानदार. कोणी माथेफिरू आहे, असा लोकांचा समज होतो. खुन्याचे खरे लक्ष्य असते देबाशिष हा सुखवस्तू तरुण. त्याच्या पत्नीवर खुन्याचा डोळा आहे. देबाशिषाचे हृदय जन्मतः उजवीकडे असल्याने तो वाचतो. आधीचे तिघे मारले गेले ते केवळ चौथ्याच्या खुनाला आडोसा म्हणून.

ही कल्पना सर्वस्वी नवी नव्हती. एक प्रेत लपवण्यासाठी प्रेतांचे रान उभे करणारा सेनापती चेस्टरटनच्याच 1911 सालच्या एका कथेत आहे, आणि अगाथा ख्रिस्तीच्या 1936 सालच्या 'दि एबीसी मर्डर्स'मध्येही ह्याच जातीची योजना आहे. पण ख्रिस्तीच्या कादंबरीत बळींची निवड आद्याक्षरांवरून होते. शरदिंदूंच्या खुन्याची निवड पायरीवरून होते. तो भिकाऱ्यापासून सुरुवात करतो, कारण भिकाऱ्याच्या खुनाने शहर फारसे हलणार नाही आणि मालिका मात्र सुरू होईल, हे तो ओळखतो. टपालवाल्याच्या कथेत न दिसणारा माणूस मारतो. येथे न दिसणारी माणसे मारली जातात. आमच्या मते हा फरक फार मोठा आहे, आणि तो शरदिंदूंच्या बाजूने मोठा आहे. चेस्टरटनने आपली नजर चुकते हे दाखवले, पण ज्याच्यावर अन्याय होतो त्यालाच खुनी ठरवून वाचकाला एक पळवाट दिली. 'शजारुर काँटा'त ती पळवाट नाही.

मात्र कथेतील एक उणीव सांगितलीच पाहिजे. पहिल्या तीन खुनांनंतर कथेचा सारा जीव देबाशिष आणि दीपा ह्यांच्या अवघडलेल्या संसारात गुंततो. तो भाग सुंदर आहे; नवऱ्याशी परक्यासारखी वागणारी दीपा हळूहळू त्याच्याकडे वळते ते शरदिंदूंनी मोठ्या संयमाने रंगवले आहे. पण त्या ओघात भिकारी, मजूर आणि दुकानदार मागे पडतात. शेवटी देबाशिष वाचल्याचा आनंद वाचकाला होतो, आणि तिघे गेल्याचे त्याला पुन्हा आठवत नाही. खुन्याने जो हिशेब मांडला होता तो कथेतील पोलिसांच्या बाबतीत फसतो. वाचकाच्या बाबतीत तो खराच ठरतो. लेखकाने हे जाणून केले असेल तर ही फार कठोर कथा आहे. जाणून केले नसेल, तर लेखकही आमच्यासारखाच निघाला, एवढेच म्हणता येईल.

पुढच्या बैठकीत आम्ही हे सारे त्या ज्येष्ठ सभासदांपुढे मांडले, अर्थात एवढ्या विस्ताराने नव्हे. सेवापुस्तिकेची हकीकत मात्र सांगितली. त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली. "कथा चांगल्या असतील," ते म्हणाले, "पण तुम्ही त्या मुलाचा पत्ता काढलात का?" आम्ही नाही म्हटले. व्योमकेशाच्या कथांचे मराठी अनुवाद यादीत राहिले. अर्नाळकरांची जुनी पुस्तके कोणाच्या घरी असतील तर ती मंडळास द्यावीत, असे ठरले. पैकी एक पिशवी आमच्याकडे आली असून तिच्यातील पुस्तकांची नोंद अजून व्हायची आहे.